कलपाची जुनी बाटली हाती आली की : आधी नोंद, मग शोध, धुणं सगळ्यात शेवटी

एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या कलपाच्या बाटल्या आता मराठी घरांतही दिसायला लागल्या आहेत. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या जुन्या बाजारांत फिरणारी आपली माणसं त्या आणतात. इथे चोर बाजारात गोटी सोड्याच्या बाटल्या जमवणारेही हळूहळू परदेशी औषधी बाटल्यांकडे वळतात. पण यातल्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. बाटली घरी आली की ती आधी नळाखाली जाते, मग तिचा फोटो निघतो आणि 'ही किती जुनी असेल?' हा प्रश्न त्यानंतर पडतो. तोवर उत्तर देणारा अर्धा पुरावा मोरीतून वाहून गेलेला असतो. शिवाय या बाटल्यांत जे भरलेलं असायचं, त्यामुळे घाईचं धुणं धोक्याचंही ठरू शकतं.

उदाहरणासाठी मी दोन नावं घेतो : जोसेफ क्रिस्टॅडोरो आणि विल्यम बॅचलर. पहिला न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झालेला, इटालियन वळणाच्या नावाचा. दोघंही केसांचे टोप बनवणारे आणि दोघांनीही टोपांच्या जोडीने कलप विकला. टोपाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आणि पांढरे केस लपवू पाहणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा एकच असायचं, म्हणून ही जोड स्वाभाविक होती. त्यांच्या बाटल्या लहान, बहुधा चौकोनी आणि फिकट निळसर-हिरव्या काचेच्या असतात. अंगावर उठावाची अक्षरं असतात आणि शेवटी 'नं. १' किंवा 'नं. २'. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

टप्पा १ : मांडणी

खिडकीजवळचं टेबल, त्यावर जाड टॉवेल, टॉवेलवर पांढरा उथळ ट्रे. हाताशी नायट्राइलचे हातमोजे, दहापट दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, काळा कागद, वही आणि पेन्सिल ठेवा. पेन नको, कारण शाईचा हात लेबलाला लागला तर तो डाग कायमचा.

बाटली ट्रेवरच हाताळायची. ट्रेमुळे बुचाचा तुकडा, वाळलेली पूड किंवा लेबलाची कपची खाली पडली तरी हरवत नाही. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

टप्पा २ : आत काही आहे का, ते आधी बघा

हा टप्पा कुणीही गाळू नका.

त्या काळचा झटपट कलप दोन बाटल्यांचा असायचा. एका बाटलीत बहुधा पायरोगॅलिक आम्ल, दुसरीत अमोनियात विरघळवलेलं सिल्व्हर नायट्रेट. आधी एक द्रव केसांना लावायचा, मग दुसरा. केसावर चांदीचे बारीक काळे कण बसायचे आणि पांढरा केस काही मिनिटांत काळा किंवा तपकिरी दिसायचा. काही उत्पादक दुसऱ्या द्रवासाठी गंधकाचं संयुग वापरत. आकड्यांचा क्रमही सगळ्यांचा सारखा नव्हता. म्हणून 'नं. १ आहे म्हणजे यात चांदी नसणार' असं कधीही गृहीत धरू नका.

बारावीच्या प्रयोगशाळेतला टॉलेन्स अभिकर्मक आठवतो? परीक्षानळीत चांदीचा आरसा तयार करणारा? तो ताजा करतात आणि काम झालं की लगेच नष्ट करतात. कारण अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवलं तर त्यात काळा, स्फोटक साका तयार होऊ शकतो. नुसत्या धक्क्याने किंवा खरवडण्याने तो उडू शकतो. कलपाच्या चांदीच्या बाटलीतलं रसायन याच जातीचं आहे.

तपासणी अशी करा. बाटली उभीच ठेवा, हलवू नका, मागून टॉर्च लावा आणि समोरून बघा.

— बूच नाही, आत कोरडं, काच स्वच्छ किंवा मातीने मळलेली : पुढच्या टप्प्यावर जा.
— बूच नाही, आत काचेला चिकटलेला पातळ तपकिरी किंवा आरशासारखा थर : ही बहुधा काचेवर बसलेली चांदी. खरवडू नका. नोंद करा आणि पुढे जा.
— बूच घट्ट आहे आणि आत द्रव, काळा साका किंवा खडे दिसतात : इथेच थांबा.

सावध : भरलेली बाटली उघडू नका, हलवू नका, उन्हात ठेवू नका, वास घेऊ नका, 'फक्त बूच सैल करून बघतो' असंही करू नका. मऊ कापडाच्या आधाराने ती जागच्या जागी उभी राहू द्या. अमेरिकेत असाल तर काउंटीच्या घातक कचरा विभागाला फोन करून विचारा, बाटली गाडीत घालून स्वतः नेऊ नका. भारतात अग्निशमन दलाला कळवा. जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा सल्लाही फोनवरच घ्या. आतला माल शाबूत असला की बाटलीची किंमत वाढते, असं विक्रेते सांगतात. या एका मालाच्या बाबतीत तो मोह सोडून द्या.

एकाच बाटलीत मिळणारे 'हेअर रिस्टोरर', म्हणजे केसांचा मूळ रंग परत आणतो म्हणून विकले जाणारे द्रव, ही वेगळी जात. त्यांत बऱ्याचदा शिशाचं संयुग आणि गंधक असायचं. १८६०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांनी न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठी अशी प्रसाधनं तपासली आणि अनेकांत शिसं सापडलं. त्यामुळे अशा बाटलीच्या तळाशी पांढरट किंवा काळपट पूड दिसली तर हातमोजे काढू नका आणि कोरड्या ब्रशने ती उडवू नका.

टप्पा ३ : अक्षरं जशीच्या तशी उतरवा

बाटलीमागे काळा कागद धरा आणि टॉर्चचा उजेड बाजूने, जवळजवळ समांतर टाका. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं सपाट होतात. बहुतेकांचे फोटो इथेच फसतात.

चारही बाजू आणि बूड वाचा. कुठल्या बाजूवर कुठली ओळ आहे, टिंब कुठे आहे, 'नंबर' कसा लिहिला आहे, सगळं वहीत जसंच्या तसं. क्रिस्टॅडोरोच्या बाटलीवर त्याचं नाव, मग 'लिक्विड', 'हेअर डाय' आणि आकडा अशा ओळी येतात. बॅचलरच्या बाटल्याही त्याच धाटणीच्या, त्यामुळे माती असली तर दोन्हींची गल्लत होते. पुसट अक्षर अंदाजाने पूर्ण करू नका, तिथे रिकामी चौकट काढा.

इथे होणाऱ्या दोन चुका. पहिली, 'नं. १' म्हणजे उत्तम प्रत आणि 'नं. २' म्हणजे हलकी, असं समजणं. तो लावण्याचा क्रम आहे, प्रतीशी त्याचा संबंध नाही. दुसरी चूक जास्त नुकसानीची. दोन बाटल्या एकसारख्या दिसतात म्हणून 'डबल आहे' असं ठरवून एक विकून टाकणं. असं करून लोक आपलाच संच फोडतात.

तपासा : वहीतली नोंद डोळ्यांसमोर धरून पुन्हा एकदा बाटली वाचली का? नोंदीत नसलेलं एखादं चिन्ह राहिलं का?

टप्पा ४ : काचेवरून काळ ठरवा

बाटली उलटी करा आणि बूड बघा. वय सांगण्यात बुडाइतका भरवशाचा भाग दुसरा नाही.

फुंकून केलेली बाटली तोंड घडवताना कशाने तरी धरावी लागे. सुरुवातीला बुडाला लोखंडी सळई किंवा नळी चिकटवत आणि काम झालं की तोडत. त्याचा खडबडीत व्रण बुडावर राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. अशा लहान बाटल्यांवर तो बहुधा वाटोळ्या, धारदार कड्यासारखा दिसतो. अमेरिकेत साधारण १८६०-६५च्या सुमाराला ही पद्धत मागे पडली. बाटली बाहेरून कवटाळणारा पकडीचा चिमटा आला आणि बुडं गुळगुळीत झाली. म्हणून पाँटिलचा व्रण असलेली कलपाची बाटली बहुतेक अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१-६५) आधीची किंवा त्याच्या आसपासची. व्रण बोटाने चाचपून बघताना जपा, त्याची कड कापते.

मग साच्याचा सांधा बघा. अंगावरून वर जाणारी बारीक रेघ शोधा. ती मानेवरच संपत असेल तर तोंड हाताने घडवलेलं आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडे जात असेल तर बाटली यंत्राची आहे. ओवेन्सचं बाटल्यांचं यंत्र १९०३नंतर वापरात येऊन पुढच्या दशकभरात पसरलं. तेव्हा अशी बाटली '१८५०ची' म्हणून कुणी दिली तर तिथेच नमस्कार करून निघा.

ओठाकडेही लक्ष द्या. जुन्या लहान बाटल्यांचा ओठ पातळ, बाहेर वळवलेला किंवा आत दुमडलेला असतो. असा ओठ नाजूक असल्याने त्यावर कपच्या उडालेल्या असतात. पण घडवतानाचा खडबडीतपणा आणि नंतरची मोड यांत फरक असतो. घडणीतल्या कडा आगीने मऊ झालेल्या दिसतात. नंतर मोडलेली जागा भिंगाखाली ताज्या भेगेसारखी चमकते आणि धारदार लागते.

लोक ज्यावरून हमखास फसतात त्या खुणा म्हणजे बुडबुडे, वाकडेपणा आणि रंग. बुडबुडे आणि वाकडेपणा विसाव्या शतकातल्या हातघडणीच्या काचेतही असतात, त्यावरून वय ठरत नाही. निळसर-हिरवा रंग वाळूतल्या लोहामुळे येतो, तोही कुठल्या एका दशकाची खूण नाही. जांभळा रंग सगळ्यात फसवा. काच रंगहीन दिसावी म्हणून पूर्वी तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. पण आता कृत्रिम किरणोत्सर्गाने साध्या बाटल्या गडद जांभळ्या करून महाग विकतात. गडद, एकसारखा जांभळा दिसला की घेऊ नका.

तपासा : बूड, सांधा आणि ओठ, तिघांची साक्ष जुळते का? पाँटिल जुना आणि ओठ यंत्राचा असं होऊच शकत नाही. तसं दिसलं तर तुमचं वाचन चुकलंय, पुन्हा बघा.

टप्पा ५ : कागदाची साक्ष

लेबल, खोका किंवा आतलं माहितीपत्रक सोबत असेल तर तुमचं नशीब थोर. कागद काचेपेक्षा नेमकं बोलतो, आणि सगळ्यात जास्त पत्ता बोलतो. टोपवाल्यांचे कारखाने आणि दुकानं जागा बदलत राहिली.

बॅचलरच्या जाहिरातींत १८५०च्या दशकात २३३ ब्रॉडवे दिसतं. १८६०च्या दशकात ८१ बार्कले स्ट्रीट येतं आणि पुढे १६ बाँड स्ट्रीट. क्रिस्टॅडोरोचा सुरुवातीचा पत्ता ६ ॲस्टर हाउस, म्हणजे ब्रॉडवेवरच्या त्या प्रसिद्ध हॉटेलातला गाळा. नंतर ६८ मेडन लेन आणि त्यानंतर ९३ विल्यम स्ट्रीट. तुमच्या लेबलावरचा पत्ता या ओळीत कुठे बसतो ते बघा. पण इथे घाई नको. जुनी लेबलं संपेपर्यंत वापरली जात आणि गावोगावच्या वर्तमानपत्रांत जुनी जाहिरात पुढेही चालू राही. म्हणून पत्त्यावरून एकच वर्ष न काढता 'अमुक ते तमुक' असा काळ लिहा.

शोधायला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा विनामूल्य संग्रह उत्तम. नाव दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा, कारण जुना छापा यंत्राला नीट वाचता येत नाही. एकाच पत्त्याची सगळ्यात आधीची आणि सगळ्यात शेवटची जाहिरात, दोन्ही टिपून ठेवा.

खोक्यावर महसुली तिकीट असेल तर त्याचा फोटो आधी काढा. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने १८६२मध्ये तयार औषधं आणि प्रसाधनांवर तिकिटाचा कर बसवला आणि तो १८८३मध्ये उठवला. तिकिटाच्या रकमेवरून मालाची किंमतही कळते : पाव डॉलरपर्यंत १ सेंट, अर्ध्यापर्यंत २, पाऊणपर्यंत ३, एक डॉलरपर्यंत ४. स्पॅनिश-अमेरिकन युद्धाच्या वेळी १८९८मध्ये तसाच कर पुन्हा काही वर्षं आला. म्हणून 'तिकीट आहे म्हणजे १८८३च्या आधीचं' असं लगेच लिहू नका, तिकिटाचं चित्र आणि त्यावरचा शिक्का बघा. तिकीट वाफ देऊन सोडवण्याचा विचारही नको. खोक्यावरच ते बोलकं असतं.

अजून एक गैरसमज वारंवार दिसतो. लेबलावर १९०६च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याचा उल्लेख नाही, म्हणून माल त्याआधीचा, असा तर्क औषधांच्या बाबतीत थोडाफार चालतो. पण त्या कायद्यात प्रसाधनं नव्हती. ती १९३८च्या कायद्यात आली. कलपासाठी हा तर्क कामाचा नाही.

लेबल खरं का, हे बघायला अतिनील टॉर्च घ्या. कागदात चमक आणणारी रसायनं साधारण १९५०नंतर सर्रास वापरली जाऊ लागली. अंधारात कागद निळसर-पांढरा झगमगला तर तो नवा. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तरी तेच.

टप्पा ६ : जोडी जुळवणं

'नं. १' आणि 'नं. २' दोन्ही मिळाल्या तरी ती मूळची जोडी असेलच असं नाही. विक्रेते वेगवेगळ्या ठिकाणच्या बाटल्या शेजारी ठेवून संच म्हणून विकतात. दोन्ही ट्रेवर ठेवा आणि काचेचा रंग एकाच उजेडात बघा. मग बुडं : एकीला पाँटिल आणि दुसरी गुळगुळीत, तर काळ वेगळा. ओठांची घडण आणि अक्षरांची जाडी बघा. उंचीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक हातघडणीत चालतो.

जुळवलेली जोडी ठेवण्यात काही गैर नाही. फक्त नोंदीत 'जुळवलेली' असं स्पष्ट लिहा. तुमच्यानंतर ज्याच्या हातात ती जाईल, त्याला हे कळलं पाहिजे.

टप्पा ७ : आता धुणं, तेही गरज असेल तरच

लेबल असेल तर धुवायचं नाही. आत द्रव किंवा साका असेल तर धुवायचं नाही. नोंद आणि फोटो झाले नसतील तर अजून नाही.

बाकी बाटल्यांसाठी प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घाला. पाणी खोलीच्याच तापमानाचं घ्या. गरम पाण्याने जुनी काच तडकते. त्यात भांड्यांचा सौम्य साबण दोन-चार थेंब. बाटली आडवी बुडवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी मऊ नायलॉनच्या ब्रशने हलकेच. मातीचा खडा निघत नसेल तर पुन्हा भिजवा, जोर लावू नका.

पहिलं पाणी जपून ओता : त्यात चांदी किंवा शिसं असू शकतं. कुंडीत, तुळशीत, परसात टाकू नका. झाकणाच्या बरणीत साठवा, चिठ्ठी लावा आणि घातक कचऱ्यात द्या.

सावध : आपल्या घरातल्या युक्त्या इथे घातक आहेत. राख, काथ्या, चिंच-मीठ पितळेला ठीक. काचेवर राखेने ओरखडे पडतात. आत तांदूळ, वाळू किंवा खडे घालून खुळखुळवू नका. संडास साफ करायचं आम्ल नको. ब्लीच तर मुळीच नको, कारण आतल्या अमोनियाच्या उरलेल्या अंशाबरोबर त्याचे विषारी वायू तयार होतात. डिशवॉशरही नको.

धुतल्यावरही काच धुरकट राहिली तर ती घाण नसते. जमिनीतल्या ओलीने काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो आणि कुठल्याही साबणाने तो परत येत नाही. काही विक्रेते आतून तेल फिरवून हा धूर लपवतात. घेण्याआधी कापसाचा बोळा आत फिरवून बघा, तेलकट आला की समजा. यंत्रात फिरवून पॉलिश करून घेण्याची सोय अमेरिकेत मिळते, पण त्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पाँटिलचा व्रण झिजतो. दुर्मीळ बाटली धुरकट राहिलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे.

मग बाटली उलटी करून टॉवेलवर वाळवा. ओलसर असताना बूच लावू नका, आतल्या ओलीने धुरकटपणा वाढतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा असेल तर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा बदला.

टप्पा ८ : पाठवणं आणि मांडणं

दूरहून मागवताना विक्रेत्याकडून बुडाचा, ओठाचा आणि बाजूच्या उजेडातला फोटो मागा. फक्त समोरून काढलेला सुंदर फोटो पुरेसा नाही. बाटली पूर्ण रिकामी आहे, असं लेखी घ्या. दोन बाटल्या वेगवेगळ्या गुंडाळायला सांगा. एकाच गुंडाळीत काचेवर काच आपटून पातळ ओठ जातो. बूच असेल तर तेही वेगळ्या पुडीत, आकडा लिहून.

घरी मांडताना थेट ऊन टाळा. पारदर्शक मँगनीजची काच उन्हात रंग बदलते आणि लेबलं फिकी पडतात. फळीला पुढे बारीक काठ असू द्या. बुडावर किंवा अंगावर स्टिकर चिकटवू नका, आकडा लिहिलेली दोऱ्याची चिठ्ठी मानेला बांधा.

आणि कार्ड. एका बाटलीला एक. नमुना असा :

क्रमांक. उठावाची अक्षरं, ओळीनुसार. 'नं. १' की 'नं. २'. उंची, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये. रंग, दिवसाच्या उजेडात. बूड : पाँटिल की गुळगुळीत. सांधा कुठे संपतो. ओठाची घडण. मोड कुठे. आतला थर असल्यास त्याचं वर्णन आणि 'धुतलेली / न धुतलेली'. कागदावरचा पत्ता आणि तिकिटाची रक्कम. काळ : अमुक ते तमुक, आणि तो कशावरून. जोडी मूळची की जुळवलेली. कुठून, कधी घेतली.

'कशावरून' हा रकाना रिकामा ठेवू नका. बुडावरून काढलेला काळ आणि विक्रेत्याने सांगितलेला काळ एकाच रकान्यात मिसळला तर पुढे वेगळा काढता येत नाही. दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या ओळींत.